मधे उतरण्याची मुभा

इंदिराबाई म्हैसूर स्टेशनातल्या चौकशीच्या खिडकीपुढे चौथ्यांदा रांगेत उभ्या राहिल्या. तीनदा त्यांचा नंबर आला होता आणि तिन्ही वेळा त्यांनी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं होतं. काय विचारायचं ते घरून पाठ करून आल्या होत्या, पण खिडकी जवळ आली की पहिला शब्दच आठवायचा नाही. कापडी पिशवीत तिकिटाचा कागद होता, नवऱ्याच्या कपाटातून न विचारता काढलेला. नागेंद्र दुपारचे झोपून उठायच्या आत तो जागेवर जायला हवा होता.

आतली मुलगी तरुण होती. छातीवरच्या पट्टीवर पावनी असं नाव होतं.

"काय हवंय अम्मा?" तिनं कन्नडमध्ये विचारलं.

"परवा आम्ही पुण्याला निघालोय. मी आणि आमचे घरचे." इंदिराबाईंनी कागद खिडकीतून आत सरकवला. "वाटेत मला दावणगेरेला उतरायचंय. दोन दिवस थांबून याच तिकिटावर पुढं जायचं. असा नियम आहे ना? ब्रेक जर्नी म्हणतात."

"नियम आहे अम्मा. पण आधी पाचशे किलोमीटर प्रवास व्हावा लागतो. दावणगेरे त्याच्या अलीकडे येतं."

"मग येताना? पुण्याहून येताना तर पाचशे होऊन जातात की."

"साधं तिकीट असतं तर येताना चाललं असतं." पावनीनं कागदाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे जाण्यायेण्याचं सवलतीचं आहे. परतीच्या भाड्यात सूट घेतलीय तुम्ही. यात काही बदलता येत नाही, पैसे परत नाहीत, जी माणसं गेली तीच परत आली पाहिजेत. मधे थांबून पुन्हा चढणं यात नाही. आगल्ल अम्मा, होणार नाही."

"स्टेशन मास्तरची सही घेतली तरी?"

"तरी नाही."

मागचा माणूस खाकरला. इंदिराबाईंनी खिडकीची कड घट्ट धरली. "आणि मी नुसतीच उतरले तर? पुढं गेलेच नाही तर?"

पावनीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "उतरायला कोण अडवणार? तुमचा प्रवास तिथं संपला, एवढंच. परतीचं तिकीट मग चालेल की नाही, ते मला विचारून सांगावं लागेल. बहुतेक नाहीच." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "कोण आहे दावणगेरेला?"

"मुलगी," इंदिराबाई म्हणाल्या, आणि कागद घेऊन बाजूला झाल्या.

नऊ वर्षांत हा शब्द त्यांनी परक्या माणसापुढे उच्चारला नव्हता.

सुमा त्यांची थोरली. तिचं लग्न आपल्याच भावसार समाजातल्या एका घरात ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्नाला चार दिवस असताना तिनं पुनीत नावाच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. हा मुलगा दावणगेरेचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. नागेंद्रांनी घरोघर जाऊन, हात जोडून, पत्रिका परत मागितल्या. दोन ठिकाणी त्यांना दारातच उभं केलं. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चप्पल काढली, पाय धुतले आणि सांगितलं, "तिचा विषय या घरात बंद." त्यांनी आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. तालुका कचेरीत तीस वर्षं शिरस्तेदारी केलेला माणूस. ज्या कागदावर एकदा शेरा मारला तो पुन्हा उघडायचा नाही, ही त्यांची सवय घरातही तशीच राहिली.

तसे नागेंद्र वाईट नव्हते. बायकोवर कधी हात उचलला नाही, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर स्वतः भात शिजवला. म्हणूनच इंदिराबाईंना त्यांच्याशी भांडता येत नसे. भांडायला धरण्याजोगी एकच जागा होती, आणि तीच बंद होती.

सुमाची खबर त्यांना समोरच्या अंबुबाईंच्या फोनवर मिळायची. लष्कर मोहल्ल्यातली ती गल्ली एवढी अरुंद, की अंबुबाईंनी खिडकीतून बांगडी वाजवली तरी इकडे ऐकू येई. बांगडी वाजली की इंदिराबाई कोथिंबीर मागायला म्हणून जायच्या. दोन वेळा सुमाचं पोट राहिलं आणि गेलं, ते त्यांनी असंच, हातात कोथिंबिरीची काडी धरून ऐकलं होतं. दोन्ही वेळा जाता आलं नव्हतं.

आता सदतिसाव्या वर्षी तिला सातवा महिना होता. चार दिवसांपूर्वी बांगडी वाजली. फोनवर पुनीत होता.

"अम्मा, सुमाला ॲडमिट केलंय. बीपी उतरत नाही. पाय सुजलेत, डोळ्यांपुढं अंधारी येते. डॉक्टर म्हणतात, कधीही ऑपरेशन करावं लागेल, दोघांतलं कोण राहील सांगता येत नाही." त्याचा आवाज फुटला. "ती दुसरं काही मागत नाही. आई पाहिजे म्हणते."

"येते," इंदिराबाई म्हणाल्या होत्या. कशी येणार, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

दावणगेरेला बसनंही जाता येतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण पिशवी भरून, नवऱ्याच्या देखत उंबरा ओलांडून बस पकडणं म्हणजे घर सोडणं. आणि दिवाळीला पुण्याला किरणकुमारकडे, मुलाकडे जायची तिकिटं महिनाभर आधीच काढलेली होती. गाडी दावणगेरेवरूनच जाते. नागेंद्रच पूर्वी आल्यागेल्याला सांगायचे, की काशीला जाताना त्यांनी एकाच तिकिटावर दोनदा वाटेत मुक्काम केला, रीतसर सही-शिक्क्यानिशी. इंदिराबाईंना वाटलं, नियमातच बसलं तर हा माणूस नाही म्हणू शकणार नाही. बाकी कशापुढे झुकला नाही तरी नियमापुढे झुकेल. त्या आशेवर त्यांनी चार दिवस काढले होते, आणि ती आशा पावनीच्या बोटाखालच्या एका ओळीनं संपली.

घरी आल्यावर त्यांनी कागद कपाटात ठेवला आणि अंबुबाईंकडे जाऊन किरणला फोन लावला.

"आई, मी अप्पांना काय सांगू?" किरण म्हणाला. "दिवाळी होऊ दे. इथं आलीस की निवांत बोलू."

"निवांत? अरे, ती जगते की मरते असं झालंय."

"तसं काही होत नाही गं आजकाल. दवाखान्यात आहे ना ती?" मागून त्याला कुणीतरी हाक मारली. "ठेवतो. अप्पांना उगीच छेडू नकोस, त्यांचंही बीपी आहे."

संध्याकाळी नागेंद्र अंगणातल्या दगडी कुंडाच्या काठावर बसून चहा पीत होते. आजोबांच्या काळी या कुंडात सुताच्या लडी रंगायच्या. आता त्यात कपडे भिजत. इंदिराबाई पदराला हात पुसत समोर उभ्या राहिल्या.

"दावणगेरेला गाडी किती वेळ थांबते हो?"

नागेंद्रांनी कप खाली ठेवला. "दोन मिनिटं. का?"

"सहज."

"सहज कुणी विचारत नाही." ते इंदिराबाईंकडे वळले. "तिकिटाच्या घड्या बदलल्यात. मी चार पदरी घडी घालतो, कपाटात तीन पदरी होती. कुठं नेलं होतंस?"

"स्टेशनात. सुमा दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी—"

"तो विषय," नागेंद्र म्हणाले, "या घरात नाही."

"मग कुठं काढू? गल्लीत जाऊन काढू?"

असं त्या कधी बोलल्या नव्हत्या. नागेंद्रांनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, "स्टेशनात काय सांगितलं?"

"नाही म्हणाली. सवलतीच्या तिकिटावर मधे थांबता येत नाही."

"बघ." ते उठले आणि कप स्वतः विसळायला गेले. जणू निकाल लागला होता, आणि तो त्यांनी दिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बांगडी दोनदा वाजली. सकाळी पुनीतनं सांगितलं, लघवी कमी झालीय. दुपारी सुमा स्वतः बोलली. जीभ जड पडल्यासारखी, मराठी-कन्नड एकात एक मिसळून. "आई, तू येणार ना? आली नाहीस तरी सरी, चालेल, मी रागावणार नाही. पण येणार असशील तर लवकर ये. तू दिसशील न दिसशील काय माहीत. डोळ्यांपुढं सगळं धुरकट झालंय गं."

इंदिराबाईंनी फोन अंबुबाईंच्या हातात दिला आणि त्यांच्याच ओट्यावर बसून राहिल्या. सुमा झाली तेव्हा नागेंद्रांची नेमणूक बेट्टदपुराच्या बाजूला होती. पायाळू मूल, दाई घाबरलेली, आणि म्हैसूरहून निघालेली त्यांची आई पोचेपर्यंत दिवस मावळला होता. आई आली, काही न बोलता उशाशी बसली, आणि इंदिराबाईंना आठवत होतं, की कळा तेवढ्याच होत्या, पण भीती निम्मी झाली होती. डॉक्टरनं करायचं ते डॉक्टर करेल. पण ते उशाशी बसणं दुसरं कोण करणार?

प्रवासाच्या दिवशी सकाळी त्यांनी आपले कपडे एका वेगळ्या पिशवीत भरले.

"दोन बोजे कशाला?" नागेंद्रांनी विचारलं.

"असू दे."

गाडीत बसताच नागेंद्रांनी नेहमीप्रमाणे सामान बाकाखाली सरकवलं, साखळी ओवली, कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकून वरून पिन लावली. दोन्ही पिशव्या एकाच साखळीत. इंदिराबाई खिडकीशी बसल्या. बंगळूर आलं, गेलं. समोर एक जोडपं होतं. त्यांनी फराळाचा डबा उघडून चकल्या पुढे केल्या. नागेंद्रांनी दोन घेतल्या. इंदिराबाईंनी एक हातात धरली आणि ती अर्सिकेरेपर्यंत तशीच हातात राहिली.

बिरूर मागे पडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "किल्ली द्या."

"कशाला?"

"माझी पिशवी काढायचीय. मी दावणगेरेला उतरणार."

नागेंद्रांनी समोरच्या जोडप्याकडे पाहिलं आणि आवाज दाबून म्हणाले, "वेड लागलंय का? तिकीट तिथं संपेल."

"संपू दे."

"परतीचंही जाईल."

"जाऊ दे."

"नियमात बसत नाही, हे तू स्वतःच विचारून आलीस ना?"

"हो, विचारून आले. म्हटलं नियम आपल्या बाजूनं असला तर बरं. नाहीये. म्हणून काय तिला तशीच टाकू?" इंदिराबाईंचा आवाज चढला, तशी समोरची बाई डब्याचं झाकण लावू लागली. "दोनदा टाकलंय तिला. दोनदा तिचं मूल गेलं आणि मी घरात बसून तुम्हाला जेवायला वाढलं. तुम्ही त्या दिवशी आमटीत मीठ कमी आहे म्हणालात, आणि मी मीठ आणून दिलं. आठवतं?"

नागेंद्रांना आठवत नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं. दोनदा, हे त्यांनी आत्ताच ऐकलं. त्यांचा चेहरा उतरलेला दिसला, पण हात खिशावर होता आणि तो तिथून हलला नाही.

"उतरलीस," ते अखेर म्हणाले, "तर किरणला मी काय सांगू?"

"आई उतरली म्हणून सांगा."

"आणि मग म्हैसूरला..." ते पुढचं बोलले नाहीत. घरात येऊ नकोस असं म्हणायचं होतं की तू कशी येशील असं, ते इंदिराबाईंना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

गाडीचा वेग कमी झाला. त्यांनी बाकाखाली वाकून पिशवी ओढून पाहिली. साखळी ताणली गेली, पिशवीचा बंद तुटला, पण पिशवी निघाली नाही. मग त्या तशाच उठल्या. जवळ फक्त कमरेचा बटवा. दारात गर्दी होती, दिवाळीची, बोचकी आणि लेकरं घेतलेली. "उतरू द्या, अय्यो, उतरू द्या हो मला," असं त्या मराठीत आणि कन्नडमध्ये ओरडत राहिल्या. दोन मिनिटांतलं दीड मिनिट त्या दारातच गेलं. कुणीतरी त्यांचा दंड धरून खाली उतरवलं. गुडघा फलाटावर आपटला. त्या उठेपर्यंत गाडी हलली होती.

त्यांनी वळून पाहिलं. आपल्या खिडकीपाशी नागेंद्र उभे होते, गज दोन्ही हातांनी धरून. ते काहीतरी बोलत होते, पण डबा पुढे निघून गेला.

दवाखान्यात त्या पोचल्या तेव्हा सुमाला ऑपरेशनला आत नेऊन तास झाला होता. पुनीत भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. इंदिराबाईंनी त्याला नऊ वर्षांत प्रथमच पाहिलं. केस पांढरे व्हायला लागलेला, नखांत काळं तेल रुतलेला एक थकलेला माणूस. त्यानं त्यांच्या पायांना हात लावला आणि ते पाय सोडेचना.

मुलगी झाली होती. सव्वा किलोची. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या मधे ती तीन दिवस राहिली. इंदिराबाईंना आत जायला मिळायचं नाही. दारावरच्या गोल काचेतून एक पाऊल तेवढं दिसायचं, अंगठ्याएवढं. चौथ्या दिवशी पहाटे नर्सनं पुनीतला आत बोलावलं. ती लक्ष्मीपूजनाची पहाट होती आणि बाहेर कुठेतरी फटाके वाजत होते.

सुमा वाचली. दोन दिवस ती शुद्धीत-बेशुद्धीत होती, पण हात आईच्या हातात ठेवून झोपायची. डोळ्यांपुढचं धुरकट निवळलं तेव्हा पहिलं वाक्य तिनं म्हटलं, "तू म्हातारी झालीस गं." बाळाचं तिला इंदिराबाईंनीच सांगितलं. दुसऱ्या कुणाला त्यांनी सांगू दिलं नाही.

पाडव्याला पुनीतच्या फोनवर किरणचा फोन आला. बोलत मात्र नागेंद्र होते.

"टीसी आला होता," ते म्हणाले. "जागा रिकामी का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, बायको दावणगेरेला उतरली. मुलगी आजारी आहे म्हणून."

इंदिराबाईंनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"कशी आहे?"

"ती आहे. बाळ गेलं."

आत खोलीत सुमा कण्हली. तिला दूध यायला लागलं होतं. छाती दगडासारखी झाली होती, आणि पिणारं कुणी नव्हतं. नर्सनं घट्ट बांधायला सांगितलं होतं.

"मला जायचंय," इंदिराबाई म्हणाल्या. "तिचं दूध बांधायचंय." आणि त्यांनी फोन ठेवला. पुनीतनं बाजारातून नवं सुती लुगडं आणलं होतं, त्याचे पट्टे फाडून त्या सुमाच्या छातीभोवती गुंडाळू लागल्या. सुमा दात आवळून रडत होती. त्याही रडत होत्या, पण गाठ सैल पडू दिली नाही.

महिन्यानं नागेंद्रांची परतीची गाडी दावणगेरेवरून गेली. पुनीत कुणाला न सांगता स्टेशनवर जाऊन उभा राहिला होता. घरी येऊन त्यानं सांगितलं, सुमाचे अप्पा डब्याच्या दारापर्यंत आले होते, हातात पिशवी होती, पण उतरले नाहीत. सुमानं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. इंदिराबाईंनी त्या दिवशी मनातून शेवटची गाठ सोडली. आता येतील ही आशा नको, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि पुनीतच्या स्वयंपाकघरात डबे नव्यानं लावायला घेतले.

चौथ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. नागेंद्र उतरले. म्हैसूरहून बसनं, रात्रभर न झोपता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

"घरात..." दारातच ते म्हणाले. "तीन दिवस घरात होतो. कुणी काही विचारायला नव्हतं."

इंदिराबाईंनी या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. पुनीतनं खुर्ची आणली, तांब्याभर पाणी आणलं. नागेंद्र पाणी प्यायले, आणि तांब्या कुठे ठेवावा ते न कळून मांडीवरच धरून बसले. सुमा आतल्या खोलीत होती. तिला आवाज ऐकू गेला होता. एक तास झाला, दीड तास झाला, ती बाहेर आली नाही. तेही उठून आत गेले नाहीत. मधे एकदा त्यांनी दाराकडे पाहून घसा साफ केला, एवढंच.

शेवटी आतून सुमाचा आवाज आला, कोरडा. "आई, ते किती दिवस राहणार, विचार."

इंदिराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्या गोष्टींना तारीख आणि मुदत लावणारा माणूस तांब्याच्या काठाशी बोट फिरवत बसला होता.

"माहीत नाही," नागेंद्र म्हणाले. "तिला विचार, किती दिवस राहू?"